नव्वद टक्के पाऊस आणि दाजींची बाजरी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आई-वडिलांची क्षमा मागून मी दाजींचं नाव घेईन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाव घेईन असं म्हणालो खरं, पण त्यांचं नाव मी आजवर कधी घेतलेलं नाही. अक्कानेही उखाण्याशिवाय घेतलेलं नाही. तेव्हा इथेही दाजीच म्हणतो.

माझा जन्म जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागातला. तिकडे दसरा झाला की गाव हळूहळू रिकामं व्हायचं. टोळ्या ऊस तोडायला निघायच्या, त्यात आमचे आई-वडीलही. त्यामुळे शाळेचं पहिलं सत्र मी गावात शिकायचो आणि दुसरं सत्र उसाच्या फडात विसरायचो. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. असं दोन-तीन वेळा झाल्यावर एका दसऱ्याला दाजी मोटारसायकल घेऊन आले आणि वडिलांना म्हणाले, "मला गुरं वळायला एक मानूस पायजे. ह्याला नेतो."

वडिलांनी मान डोलावली. आईने माझे दोन शर्ट पिशवीत भरले. वाटेत नगरला दाजींनी गाडी एका दुकानापाशी थांबवली आणि दप्तर घेतलं. निळं, दोन कप्प्यांचं.

मी विचारलं, "दाजी, गुरं वळायला दप्तर कशाला?"

"गुरांची हजेरी घ्यायला. बस मागं."

त्या प्रवासात मी आश्विन महिना पहिल्यांदा नीट पाहिला असेन. त्याआधी तो मला फक्त निघण्याची तयारी म्हणून माहीत होता. करंजी घाटात ऊन होतं, इतकं की सीटचं रेक्झिन भाजत होतं. घाट उतरून आलो तर पावसाने झोडपलं. नगरच्या अलीकडे पुन्हा ऊन. नगर ओलांडलं तर पुन्हा एक सर, आणि ती थांबली तर समोर डोंगरावर पाऊस पडताना दिसत होता आणि आमच्या अंगावर मात्र ऊन. दोनदा भिजलो, दोनदा वाळलो. कुसळीचं गवत नुकतं पिकायला लागलं होतं. वाऱ्याने ते वाकलं की सगळा उतार पिवळा व्हायचा, उभं राहिलं की परत हिरवा. मी दाजींच्या पाठीमागून डोकं काढून बघत राहिलो. तोंडात एक चिलट गेलं, तेव्हा बंद केलं.

दाजींचं गाव हिवरे बाजारच्या शेजारच्या खोऱ्यात आहे. पलीकडच्या गावाने पाणी अडवून नाव कमावलं. आमच्या वाट्याला तिथे निघालेले आणि वाट चुकलेले पाहुणे येतात. ते गाडीतून उतरून आमच्याच बांधांचे फोटो काढतात, आणि आम्हीही त्यांना सांगत नाही.

या गावात राहून मी दहावी झालो आणि पुढे कॉलेजही नगरला जाऊन-येऊन केलं. सगळा खर्च दाजींचा. गावाला हे अजब वाटायचं. सासऱ्याने जावयाला काही द्यावं ही रीत, इथे जावई सासऱ्याचं पोर शिकवत होता. पारावर एक निवृत्त एसटी ड्रायव्हर बसायचे, अजूनही बसतात. सगळे त्यांना ड्रायव्हरबाबा म्हणतात. ते दाजींना ऐकू जाईल असं म्हणायचे, "बायकोचा भाऊ पोसतोय गडी."

"पोसत न्हाई बाबा, पेरतोय," दाजी म्हणायचे.

"उगवला म्हंजी सांग."

मी बी. ए. झालो, भूगोल घेऊन. आमच्या दोन्हीकडच्या घरांत पहिलाच. निकालाच्या दिवशी दाजींनी गावात पेढे वाटले आणि संध्याकाळी मला समोर बसवून विचारलं, "भूगोल म्हंजी नेमकं काय काय आलं त्यात?" त्या दिवसापासून ते मला 'तू'च्या जागी 'तुमी' म्हणू लागले होते, त्यामुळे मीही जरा सावरून बसलो.

"जमीन, डोंगर, नद्या, लोकसंख्या, हवामान..."

"बास," दाजी म्हणाले. "पुढचं ऱ्हाऊ द्या."

तेव्हापासून हवामान खातं माझ्याकडे आहे.

वास्तविक मी सुप्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये काम करतो. नट, बोल्ट, बेअरिंग, हातमोजे. वर पत्रा आणि भिंतीत एकच खिडकी, ती गेटपास देण्याची. पाऊस पडतोय की नाही हे मला आत येणाऱ्या माणसाच्या केसांवरून कळतं. पण दाजी गावात सांगतात, "आमचं पाव्हणं सुप्याला असत्यात. हवामानाचं समदं त्यांच्याकडं असतंय."

बाकीच्या महिन्यांत हे खातं सांभाळणं अवघड नाही. आषाढात पाऊस येतो किंवा येत नाही. आश्विनात मात्र तो येतो आणि येत नाही, दोन्ही एकाच दिवशी. नगरच्या सावेडीतल्या फ्लॅटवरून मी सकाळी कंपनीच्या बससाठी निघतो तेव्हा गार असतं, म्हणून स्वेटर. दुपारी पत्रा तापतो, म्हणून टोपी. संध्याकाळी ढग येतात, म्हणून रेनकोट. बायको हे सगळं एका पिशवीत भरून देते. गेटवरचा वॉचमन रोज विचारतो, "साहेब, गावाला निघालात का?"

तरीही हे दिवस मला सगळ्यांत आवडतात. आभाळ कोणीतरी धुऊन, पिळून, झटकून वाळत घातल्यासारखं असतं. बसच्या खिडकीतून सकाळी बाभळीवरची कोळ्यांची जाळी दवाने भरलेली दिसतात. एरवी त्यांच्याकडे कोणी बघत नाही. दुपारी तोच रस्ता वैशाखासारखा चटका देतो आणि पाच वाजता पश्चिमेकडे असा काही रंगांचा गोंधळ उडतो की बसमधले झोपलेले लोकही डोळे उघडतात, "अरे वा" म्हणतात आणि पुन्हा झोपतात.

तर गोष्ट आहे अलीकडच्याच एका आश्विनातली. घट बसून एक-दोन दिवस झाले होते. दाजींची बाजरी खुडून झाली होती आणि कणसांची रास खळ्यावर पडली होती. मळणीचं मशीन गावात रविवारी येणार होतं. पहिला नंबर दाजींचा. शनिवारी त्यांचा फोन आला. दाजी फोनवर बोलत नाहीत, थेट सुप्यापर्यंत ऐकू जाईल असे ओरडतात.

"पाव्हणं! उद्या कसं हाय?"

मी मोबाईलवर बघितलं. तिथे ढग, वीज आणि तीन थेंब असं चित्र होतं. "नव्वद टक्के पाऊस आहे दाजी."

"नव्वद!" गेल्या खेपेला मी त्यांना चाळीस टक्के सांगितलं होतं, तर ते म्हणाले होते, "पस्तीसला पास असतंय ना? म्हंजी काठावर पास झाला. येतोय पाऊस." आणि खरंच आला होता. त्यामुळे नव्वदचं वजन फार होतं. "नव्वद म्हंजी बोर्डात आला की हो!"

मग ते फोन चालू ठेवूनच पारावर गेले असावेत, कारण मला लांबून त्यांचा आवाज ऐकू आला. "उद्या मळणी करू नका रं कुनी! नव्वद टक्के हाय! आमच्या पाव्हण्यानं सांगितलंय!"

ड्रायव्हरबाबांचा आवाज आला, "माझा गुडघा न्हाई दुखत."

"गुडघ्याला डिग्री हाय का, बाबा?"

दाजींनी आपला पहिला नंबर दुसऱ्याला देऊन टाकला आणि रास ताडपत्रीने झाकली. फोन अजून चालूच होता, कारण खळ्यावरून अक्का बोलली तेही ऐकू आलं, "आवो, त्यो सोताच्या लग्नाला बी उशिरा आलता."

रविवारी मला सुट्टी होती. आपल्या शब्दावर एवढी बाजरी झाकली गेली आहे म्हटल्यावर घरी बसवेना. मी रेनकोट घातला आणि निघालो. वाटेत ऊन होतं, पण मला काळजी वाटली नाही. आश्विनात ऊन पावसाच्या आधीच येतं. गावात उतरलो तरी ऊनच. असा दिवस वर्षातून एखादाच येत असेल. आभाळात कापसाच्या दोन गाठी, बाकी सगळं निळं. डोंगर इतका जवळ आला होता की वरचं एकेक झाड मोजावं. चतुर उडत होते. बांधावर तेरड्याची शेवटची गुलाबी फुलं होती. आणि सगळ्या गावात मळणीचा आवाज चालला होता. मशीन एका खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर फिरत होतं आणि भुश्शाचा धूर उठत होता. फक्त एका खळ्यावर निळी ताडपत्री, तिच्या कडेने दगड, आणि शेजारी दाजी घोंगडी डोक्यावर घेऊन बसलेले.

मी रेनकोट घालून पारावरून गेलो. अंगातून घामाच्या धारा वाहत होत्या. ड्रायव्हरबाबा म्हणाले, "साहेब, पार भिजलात की! कुठं गाठलं पावसानं?"

सगळा पार हसला. मी काही बोलायच्या आत दाजी खळ्यावरून उठून आले. मला वाटलं, आता आपली खरडपट्टी निघणार. पण ते पारासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "नव्वद म्हणला हुता. शंभर म्हणला हुता का? ऱ्हायलेलं धा टक्के आज आलं. हिशेब तर समजून घ्या."

मला माझ्या कॉलेजातल्या एकाही प्राध्यापकाने संभाव्यता इतकी नीट समजावून सांगितली नव्हती.

जेवताना मी पुन्हा मोबाईल बघितला. आता चित्र बदललं होतं. पुढचे तीन दिवस नुसता गोल पिवळा सूर्य. मशीन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावात होतं, म्हणजे अजून संधी होती. मी उत्साहाने म्हणालो, "दाजी, आता तीन दिवस कोरडे आहेत. ताडपत्री काढा. कणसांना चांगलं ऊन लागू द्या, उद्या सकाळी मळून टाकू."

अक्का भाकरी थापता थापता थांबली. "भाऊ, तू बघून सांगतोयस का नुसतं सांगतोयस?"

"ऱ्हाऊ दे की," दाजी म्हणाले. "पंचांगात बी हस्ताच्या पावसाचं वाहन ह्या साली कोल्हा हाय. कोल्हा लबाड, पन एवढा न्हाई."

ताडपत्री काढली. आम्ही दोघांनी रास पसरली. कणसं उन्हात चमकत होती आणि खाली रानाचा वास येत होता. दाजी खूश होते. त्यांनी मला हातात कणीस चोळून दाणे दाखवले, टपोरे, राखाडी-हिरवे. म्हणाले, "बगा पाव्हणं, औंदा दाना भरलाय." चार वाजता मी चहा पीत होतो. डोंगराच्या मागून एक ढग आला. एकच. आकाराने फार तर आमच्या शेताएवढा असेल. मी त्याच्याकडे बघून "सुंदर आहे" असं म्हणालोही. त्याच्या कडा सोनेरी होत्या.

त्या ढगाने गावावर पाणी टाकलं नाही, पारावर टाकलं नाही, ज्यांचं मळून घरात गेलं होतं त्यांच्या खळ्यांवरही फारसं टाकलं नाही. आम्ही तिघं ताडपत्रीचे कोपरे धरून पळत होतो आणि चौथा कोपरा वाऱ्यावर होता. अक्का ओरडत होती, "दगड! दगड घे!" दाजी ओरडत होते, "पाव्हणं, तिकडून!" मी तिकडून गेलो आणि ताडपत्रीतच गुंडाळला गेलो. बाजरी भिजली, मी मात्र कोरडा राहिलो. पाऊस थांबला तेव्हा डोंगरावर पूर्ण कमान उमटली होती, सातही रंग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आम्ही तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

ओल्या कणसांची मळणी होत नाही. मशीन पुढच्या गावाला गेलं ते दसऱ्याच्या आसपास परतणार होतं. नंतर रोज तोच खेळ. सकाळी कोवळं ऊन, दुपारी चटका, चारच्या सुमाराला डोंगरामागून कोणीतरी येणार. हस्ताचा पाऊस म्हणजे हत्ती, तो रोज सोंड फिरवून जायचा. ड्रायव्हरबाबांचा गुडघा ज्या दिवशी दुखला त्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि दुखायचा थांबला त्या दिवशी ओढ्याला पाणी आलं, असं अक्काने फोनवर सांगितलं. मला थोडं बरं वाटलं. दाजींचा मात्र फोन आला नाही. त्या आठवड्यात त्यांनी मला एकदाही हवामान विचारलं नाही, आणि मला ते फार लागलं. वाटलं, खातं गेलं. खातं गेल्याचं दुःख नव्हतं. पण ज्या माणसाने गावाच्या टोमण्यांकडे पाठ करून मला शिकवलं, त्याला आज पारावर मान खाली घालावी लागत असेल, आणि तीही माझ्याच शब्दामुळे.

दसऱ्याला मी भीत भीत गावी गेलो. देवघरात घट बसवलेला होता. मातीत पेरलेलं धान अंधारात वाढून पिवळंधमक, उंच झालं होतं. आमच्याकडे दसऱ्याला ते उपटून टोपीत खोवतात. खळ्यावर गेलो तर तिथेही धान वाढलेलं. ताडपत्रीखाली गरम होऊन राशीच्या एका बाजूच्या कणसांना कोंब फुटले होते, हिरवेगार, बोटभर. अक्का निवडत बसली होती, चांगली कणसं एकीकडे, उगवलेली दुसरीकडे.

"निम्मी वाचलीय, जरा काळी पडलीय," ती म्हणाली. "बाकीची म्हशीला. तिची दिवाळी हाय औंदा."

"दाजी रागावलेत का?"

"ते? सोताच बग जाऊन."

दाजी पांढरा सदरा घालून बाहेर पडले होते. टोपीत तुरा होता. पण तो घटातल्या पिवळ्या धानाचा नव्हता. कोंब फुटलेलं अख्खं बाजरीचं कणीस त्यांनी टोपीत खोवलं होतं. ते कलतं होऊन कानावर लोंबत होतं.

"दाजी, हे काय?"

"घट," ते म्हणाले. "देव्हाऱ्यात एक बसला, खळ्यावर एक. ज्याचा मोठा त्याचा मान. चला सोनं वाटाय."

पारावर आम्ही पोचलो आणि ड्रायव्हरबाबांनी वर्षानुवर्षं राखून ठेवलेलं वाक्य काढलं. "काय रं! पेरलेलं उगवलं की! ते बी खळ्यावर!"

लोक इतके हसले की आपट्याची पानं हातातून पडली. दाजीही हसले. मग ड्रायव्हरबाबांनी माझ्या हातावर पान ठेवलं आणि म्हणाले, "सोनं घ्या साहेब, सोन्यासारखं ऱ्हावा. आन् ज्वारीची पेरनी कवा करायची ते बी सांगून जावा. म्हंजी त्या दिशी कुनी करनार न्हाई."

यावर मात्र दाजी हसले नाहीत. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "चला."

आम्ही परत निघालो. डोंगराकडून गार वारा येत होता आणि पायाखालची माती अजून गरम होती. मी म्हणालो, "दाजी, मला हे जमत नाही. खरं सांगतो. मी स्टोअरमध्ये बेअरिंग मोजतो."

"चुकलं कुठं ठावं हाय का?" दाजी म्हणाले. "तोंडी सांगितलं. तोंडी बोलनं वाऱ्यावर जातंय. पेरनीचं लेखी धाडा. कागद, खाली सही, सहीखाली बी. ए. कागद असला म्हंजी मानूस गप बसतंय. मी पारावर वाचून दावतो."

"आणि ते चुकलं तर?"

"चुकू द्या की. पोस्टानं आलंय म्हनल्यावर पोस्टाची चूक."

घरी अक्काने गुपचूप सांगितलं, "लिही बाबा. त्या दिवसापास्नं जेवताना रोज म्हनत्यात, शिकलेल्या मानसाला हसू ने गावानं."

मी सावेडीला परतलो. दोन दिवस कागद घेऊन बसलो. मोबाईल उघडला, पंचांग उघडलं, कॉलेजची भूगोलाची वही काढली. सूर्य, ढग, थेंब यांची चित्रं तासातासाला बदलत होती. बाहेर गॅलरीत वाळत घातलेली गादी बायको दिवसातून तीनदा आत घेत होती आणि तीनदा बाहेर टाकत होती. शेवटी मी तिच्याकडे बघत जे लिहिलं आणि पोस्टात टाकलं, ते असं:

तीर्थरूप दाजींना शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या सांगण्यावरून ज्वारीच्या पेरणीसाठी पुढील आठवड्याचा अंदाज लेखी पाठवत आहे. पारावर सावकाश वाचावा, ड्रायव्हरबाबांना नीट ऐकू जाईल असा.

सकाळी दव पडेल. दुपारी ऊन कडक राहील, म्हशीला सावलीत बांधावे. चारनंतर डोंगरामागे ढग जमतील. ते इकडे आले तर पाऊस होईल. तिकडे गेले तर हिवरे बाजारला होईल, त्यांचेही आपण काही वाईट चिंतू नये. ढग आलेच नाहीत तर संध्याकाळ फार छान दिसेल, ती सर्वांनी पाहावी. यापेक्षा जास्त कोणी सांगू लागला तर तो माणूस बी. ए. नाही असे समजावे.

दाजी, आमच्या भूगोलात शिकवलेलं मी पुन्हा वाचून पाहिलं. पाऊस माघारी जाताना कुठे थांबेल आणि कुठे वळेल हे अचूक सांगता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे मी चुकलो ते अभ्यासक्रमाला धरूनच. हे पारावर जरूर सांगा.

आश्विनात ज्या दिवशी तुम्ही मला मोटारसायकलवरून आणलं, त्या दिवशीही आपण दोनदा भिजलो होतो. तुम्ही ना पंचांग बघितलं होतं ना कोणाला टक्के विचारले होते. गाडीला किक मारली आणि निघालात. मी शिकेन की नाही याचाही तुमच्याकडे काही अंदाज नव्हता. तरी पेरलंत. त्या हिशेबाने ज्वारीचंही तसंच करावं असं माझं मत आहे. जमीन हाताला बरी लागली की पेरा. बाकी हत्ती आणि कोल्हा बघून घेतील.

काळ्या पडलेल्या बाजरीची एक पायली माझ्यासाठी ठेवा. भाकरी कशीही लागली तरी मी खाणार आहे. अक्काला सांगा, निळं दप्तर अजून आमच्याकडे आहे. माझी मुलगी त्यात कपड्यांचे चिमटे ठेवते.

रविवारी मी पेरणीला येतोय. पाभरीमागे चालायला एक माणूस लागेलच. ऊन असलं तरी येतोय आणि पाऊस असला तरी येतोय. हा अंदाज मात्र शंभर टक्के समजावा. हे वाक्य पारावर दोनदा वाचा.

रेनकोट आणणार नाही.

आपला आज्ञाधारक पाव्हणा,
बी. ए. (भूगोल)